मखर : एक नाशिवंत कागदशिल्प

तापीच्या राजघाटावर उभे राहिले की पैलतीरी जैनाबाद दिसते. शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने बुऱ्हाणपूर आणि त्यांचे शिष्य शेख जैनुद्दीन यांच्या नावाने जैनाबाद, अशी ही फारुकी सुलतानांच्या काळची जोडगावे. या दोघा सत्पुरुषांच्या समाध्या मात्र खुलताबादेस आहेत. निवृत्तीनंतर घृष्णेश्वराच्या दर्शनास गेलो असता दौलताबादेहून खुलताबादेकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागला. चिंध्यांचा लगदा हौदात कालवून चाळणीवर कागद उचलण्याची विद्या येथे शतकानुशतके चालत आली. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीस नेली, तिच्याबरोबर हे कागदी दक्षिणेत उतरले, असे परंपरा सांगते. आमच्या पैलतीराला ज्याचे नाव, तो सत्पुरुष कागद करणाऱ्यांच्या शेजारी विसावला आहे, हे तोवर आमच्या ध्यानी आले नव्हते.

जैनाबादेत दगडाची आठवण टिकली. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल बुऱ्हाणपुरात निवर्तली. तिचा देह येथील बागेत जेमतेम सहा महिने होता आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो आग्ऱ्यास नेण्यात आला. तरीही प्रवासी आजतागायत आहूखाना पाहावयास येतात. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हे शहर पेशव्यांकडे व पुढे शिंद्यांकडे आले, आणि त्यांच्यामागोमाग मराठी घराणी या बाजूला स्थिरावत गेली. या घराण्यांनी घरात दरवर्षी हाताने काय उभारले, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर एकच : गणपतीचे मखर. आमच्या घरी त्यांतले एकही शिल्लक नाही.

मखर हे शोभेचे काम म्हणून सोडून दिले जाते. आमच्या मते ते शिल्पच होय. कागदाचा ताव उभा राहत नाही. त्याला घडी घातली की तो उभा राहतो, आणि एकाआड एक उलटसुलट घड्या घातल्या की भारही पेलतो. पुठ्ठ्याला तंतूंची एक दिशा असते. त्या दिशेने दुमडला तर रेघ स्वच्छ येते, आडवा दुमडला तर पापुद्रे फुटतात. म्हणून जाणता कारागीर आधी बोथट टोकाने रेघ दाबून घेतो आणि मगच घडी घालतो. कमान, खांब, महिरप आणि कळस हे सारे खाचेत खाच बसवून तोलायचे असते. आमचे वडील गव्हाची खळ शिजवून त्यात मोरचूद घालीत, म्हणजे झुरळे कागदाला तोंड लावीत नसत. मोरचूद विषारी असल्याने आम्हां मुलांना त्या भांड्याजवळ फिरकू देत नसत.

मग थर्माकोल आला. तापलेल्या तारेने तो लोण्यासारखा कापला जाई. वजन नाही, किंमत नाही आणि नक्षी हवी तेवढी. घरोघरची कात्री गंजली. या काळातल्या एका कलावंताची नोंद येथे करणे अगत्याचे आहे. मुंबईचे नानासाहेब शेंडकर हे सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. थर्माकोलच्या सजावटीत त्यांचा चांगला जम बसला होता. हा पदार्थ पाण्यात कुजत नाही आणि जाळला तर विषारी धूर सोडतो, हे जाणून २००१ साली त्यांनी ते काम सोडले आणि पुठ्ठ्याची, घडी घालून ठेवता येतील अशी मखरे करावयास घेतली. ‘उत्सवी’ या नावाने ती प्रदर्शनांत मांडली जाऊ लागली. चालता धंदा सोडणे म्हणजे काय, हे पगारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या आम्हांस सांगण्याचा अधिकार नाही. महाराष्ट्रात थर्माकोलच्या अशा वस्तूंवर बंदी आली ती २०१८ साली. गणेशोत्सवापुरती सवलत मिळावी ही मागणीही त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. कलावंत कायद्याच्या सतरा वर्षे पुढे होता.

तथापि, कागद म्हणजे निर्दोष, असेही समजू नये. महाराष्ट्र शासनाने २०११ साली कागदी लगद्याच्या मूर्तींना उत्तेजन दिले, आणि २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्या निर्णयास स्थगिती दिली. लगदा पाण्यात विरतो तेव्हा त्यातली शाई व रसायनेही पाण्यात उतरतात. मखराची गोष्ट निराळी, कारण त्याचे विसर्जन करावयाचे नसते.

कागदाची गोष्ट निघाली की नेपानगर आठवल्यावाचून राहत नाही. देशातला वृत्तपत्रकागदाचा पहिला कारखाना आमच्याच जिल्ह्यात. सालई आणि बांबू यांच्यापासून तेथे १९५५ साली कागद निघू लागला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्रास अर्पण केला. २०१६ साली थांबलेले उत्पादन नूतनीकरणानंतर २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाले. वृत्तपत्राचा कागद घडीस कच्चा आणि लवकर पिवळा पडणारा. पण खळीत भिजवून त्याचे थरावर थर चढविले की वाळल्यावर लाकडासारखा वाजतो. आमच्या लहानपणी आरतीच्या वेळी मखराच्या दोन बाजूंस उभे राहणारे हत्ती असेच रद्दीतून झालेले होते. त्यांतल्या एकाच्या पोटावर बातमीचा मथळा उलटा वाचता येई.

जैनाबादेतल्या आमच्या एका आप्तांनी गेली काही वर्षे पुठ्ठ्याचे मखर पुन्हा सुरू केले आहे. अनंतचतुर्दशीनंतर ते उकलून माळ्यावर ठेवतात आणि प्रत्येक खांबाच्या मागे त्याचा क्रमांक, वर्ष व कापणाऱ्याचे नाव शिसपेन्सिलीने लिहितात. जुन्या छायाचित्रांत मूर्ती स्पष्ट असते, मखर कडेला कापलेले असते, आणि करणाऱ्याचे नाव कोठेच नसते. वाचकांपैकी कोणाकडे अशी छायाचित्रे किंवा मखराचे कागदी कित्ते असतील, तर मागील बाजूस वर्ष आणि करणाऱ्याचे नाव घालून त्यांची एक प्रत संपादकांकडे पाठवावी, अशी विनंती आहे. आमच्या वडिलांचा महिरपीचा एकमेव कित्ता आम्ही पाठवीत आहोत. त्याची डावी कमान उंदराने खाल्ली आहे, पण उजवीवरून ती पुन्हा काढता येईल.