नॉकेनीची देवी ऑन्या

आयर्लंडच्या लिमरिक परगण्यात, लॉक गूर सरोवरापासून थोड्याच अंतरावर, नॉकेनी नावाची एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर देवालय नाही, मूर्ती नाही, केवळ प्राचीन मातीचे काही उंचवटे आहेत, परंतु सूर्य, प्रीती आणि सुफलता यांची अधिष्ठात्री मानल्या गेलेल्या ऑन्या या केल्टिक देवीचे हेच वसतिस्थान, अशी त्या मुलखातील रयतेची परंपरागत श्रद्धा होती.

मन्स्टरचा राजा आयलिल याने या देवीवर बळजबरी केली तेव्हा तिने त्याचा कान तोडला आणि त्या व्यंगाचे नाव त्याला जन्माचे चिकटले, अशी कथा मध्ययुगीन आयरिश वाङ्मयात आहे. देवीच्या रूपातील भूमीची अवहेलना करणारा राजा अखंड राहत नाही, हेच तिचे मर्म होय. पुढे नॉर्मन सरदार आले. त्यांतील फिट्झजेरल्ड घराण्यास १३२९ साली इंग्लंडच्या राजाकडून डेसमंडची अर्लकी मिळाली. परंतु दरबारची सनद हाती असली तरी लोकांच्या मनातील हक्क या देवीच्याच नात्याने लाभत असल्यामुळे, आयरिश भाषेत काव्य रचणारा तिसरा अर्ल जेरल्ड हा ऑन्याचाच पुत्र, तो सरोवराच्या तळाशी नांदतो आणि दर सात वर्षांनी रुपेरी नालांच्या घोड्यावरून बाहेर पडतो, अशी आख्यायिका रूढ झाली. १५८३ मध्ये याच घराण्यातील एक बंडखोर अर्ल मारला गेला, जहागीर जप्त झाली आणि तिच्या जमिनी इंग्रज वसाहतवाल्यांस वाटल्या गेल्या.

देवीची पूजा मात्र जप्त झाली नाही. संत जॉनच्या सणाच्या पूर्वसंध्येस, म्हणजे २३ जूनला, गावकरी लांब काठ्यांना गवताच्या व पेंढ्याच्या जुड्या बांधून त्या पेटवीत, टेकडीवर चढून माथ्यास फेरी घालीत, आणि मग तेच पलिते घेऊन पिकांतून व गुरांमधून फिरत, जेणेकरून वर्ष भरघोस जावे. एके वर्षी गावात मृत्यू घडल्याने मिरवणूक रहित झाली, तरीही त्या रात्री टेकडी पलित्यांनी उजळली आणि अग्रभागी स्वतः ऑन्या चालत होती, असे लोक सांगत. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड फिट्झजेरल्ड यांनी हे सारे लिहून ठेवले.

सनदा रद्द होतात, वंशावळी खुंटतात. देवता टिकते ती कष्टकऱ्यांच्या आचारात, आणि म्हणून तिचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने राजदरबाराच्या दप्तराआधी शेताच्या बांधाकडे वळले पाहिजे.