बोटाला दोन टाके पडले, पण बोट वाकते का? हाताच्या 'शिरा' आणि नेहमीच्या दुखापतींविषयी सर्व काही

ऊसतोडीचा कोयता, स्वयंपाकघरातली विळी, उद्यमबागेतल्या कारखान्यातला धारदार पत्रा, गोव्यात मासळी कापायची सुरी किंवा बडोद्यात उत्तरायणाला हातातून सरकणारा मांजा. हत्यार वेगळे असले तरी जखम बहुतेक सारखीच असते. बोटावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा काप, थोडे रक्त, दवाखान्यात दोन टाके. पंधरा दिवसांत कातडी जुळून येते आणि मग लक्षात येते की बोटाचे टोक वाकतच नाही. तोपर्यंत सोप्या शस्त्रक्रियेची वेळ बहुधा निघून चाललेली असते.

म्हणून बोट कापले की जखम केवढी आहे हे बघण्याआधी एक गोष्ट तपासायची असते: बोट प्रत्येक सांध्यात हलते का? हे इतके महत्त्वाचे का, ते समजण्यासाठी हाताची आतली रचना माहीत हवी.

'शीर' म्हणजे नक्की काय?

बोलताना आपण सरसकट "शीर तुटली", "नस कापली" असे म्हणतो. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात. रक्त नेणारी रक्तवाहिनी, स्पर्शाची जाणीव नेणारा मज्जातंतू आणि स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणारी दोरी. या दोरीला डॉक्टर टेंडन म्हणतात, मराठी पुस्तकांत तिला कंडरा म्हटलेले असते.

तिन्हींच्या इजेची खूण वेगळी आहे. रक्तवाहिनी कापली तर रक्त थांबत नाही. मज्जातंतू कापला तर बोटाची एक कड बधिर होते. कंडरा कापली तर हालचाल जाते. कंडरा तुटली म्हणून जास्त रक्त येते किंवा जास्त दुखते असे नाही. त्यामुळेच ती सुटून जाते. "रक्त थांबलं, आता काही नाही," असे घरातले म्हणतात आणि खरी इजा आत तशीच राहते.

दोऱ्या बोटात, स्नायू कोपराखाली

हातात एकूण २७ हाडे असतात. मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांची पेरे १४. अंगठ्याला दोन पेरे, बाकीच्या बोटांना तीन-तीन. पण बोट हलवणारा एकही स्नायू बोटात नसतो. काही छोटे स्नायू तळहातात असतात आणि ताकदीचे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये. एका हाताने दुसरा हात कोपराच्या जरा खाली धरून मूठ उघडझाप केली की ते स्नायू हलताना जाणवतात.

सायकलच्या ब्रेकसारखीच ही व्यवस्था आहे. दाबायचे हँडलजवळ, ब्रेक लागतो चाकाला आणि मध्ये आवरणातून सरकणारी तार. तार तुटली तर हँडल आणि चाक दोन्ही धडधाकट असूनही ब्रेक लागत नाही.

बोट वाकवणाऱ्या कंडरा तळहाताच्या बाजूने जातात. प्रत्येक बोटाला अशा दोन असतात. वरच्या थरातली मधल्या पेराला जाऊन चिकटते, खोल थरातली थेट टोकाच्या पेरापर्यंत जाते. वाटेत वरची कंडरा दुभंगते आणि त्या फटीतून खोलातली पुढे निघून जाते. अंगठ्याला लांब वाकवणारी कंडरा एकच. चार बोटांच्या आठ आणि अंगठ्याची एक अशा ९ कंडरा मनगटाच्या अरुंद बोगद्यातून एका मोठ्या मज्जातंतूसोबत तळहातात येतात. काचेच्या खिडकीवर हात आपटून मनगट कापले तर एकाच वेळी अनेक बोटे का निकामी होतात, हे यावरून कळते.

ओढ बसली की कंडरा हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाऊ नये, म्हणून बोटात तिला जागोजागी कड्या असतात. पाच आडव्या आणि त्यांच्यामध्ये फुलीच्या आकाराच्या तीन. आडव्यांपैकी दुसरी आणि चौथी सर्वांत महत्त्वाची.

बोट सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर असतात. त्या पातळ आणि चपट्या असून कातडीच्या लगेच खाली, जवळजवळ हाडाला टेकून जातात. त्यामुळे पाठीवरचा वरवरचा कापही त्यांच्यापर्यंत पोचू शकतो. स्पर्शाचे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या बोटाच्या दोन्ही कडांनी जातात.

सगळ्यांत अवघड पट्टा

तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा भाग शल्यचिकित्सकांना सर्वांत जास्त त्रास देतो. इथे दोन्ही कंडरा एकाच अरुंद नळीत एकमेकींना लागून सरकतात. शिवल्यावर त्या एकमेकींना किंवा नळीला चिकटल्या की बोट आखडते. अमेरिकन शल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल यांच्यामुळे या पट्ट्याला 'नो मॅन्स लँड' हे नाव पडले. दोन सीमारेषांमधली, कोणीच पाऊल टाकू नये अशी जमीन. इथली कंडरा ताबडतोब शिवू नये, असाच त्या काळी सल्ला होता. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्याच हॅरोल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेही लगेच शिवून, पुढे नियंत्रित हालचाल देऊन चांगला परिणाम मिळतो हे दाखवले. आज तीच पद्धत सर्वत्र चालते.

घरीच करता येणारी तपासणी

जखम स्वच्छ झाकून घ्यावी आणि हळूच, जोर न लावता पुढील गोष्टी बघाव्यात.

- हात सैल सोडून तळवा वर करावा. निरोगी हाताची बोटे आपोआप थोडी वाकलेली राहतात, तर्जनी कमी आणि करंगळी जास्त. एखादेच बोट सरळ पडून राहिले तर वाकवणारी कंडरा तुटल्याची शंका घ्यावी.
- मधला सांधा सरळ धरून फक्त टोक वाकवायला सांगावे. वाकले नाही तर खोल थरातली कंडरा गेली.
- बाकीची बोटे सरळ धरून ते एक बोट मधल्या सांध्यात वाकते का बघावे. वाकत नसेल तर वरच्या थरातली कंडरा गेली. मात्र तर्जनीत ही चाचणी फसवू शकते आणि काहींच्या करंगळीतही ती लागू पडत नाही.
- बोटाच्या दोन्ही कडांना कापसाने स्पर्श करावा. एक बाजू बधिर असेल तर मज्जातंतू कापला आहे.

बोट वाकते पण दुखते, ताकद लागत नाही, असे असेल तर कंडरा अर्धवट कापलेली असू शकते. ती नंतर एखादी बादली उचलताना पूर्ण तुटते. मूठ आवळलेली असताना काप बसला तर बोट सरळ केल्यावर कंडरेचा कापलेला भाग जखमेपासून पुढे सरकतो. म्हणून वरून जखमेत बघून "आत काही नाही" असे म्हणता येत नाही.

नेहमी दिसणाऱ्या दुखापती

*टोक लोंबणे.* क्रिकेटचा चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो किंवा गादीखाली चादर खोचताना बोट अडकते. सरळ करणारी कंडरा टोकाशी सुटते आणि टोकाचे पेर खाली लोंबते. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. टोक सरळ ठेवणारी पट्टी ६ ते ८ आठवडे रात्रंदिवस लावावी लागते. पट्टी धुण्यासाठी काढली तरी टोकाला आधार द्यायचा. मध्ये एकदा जरी टोक वाकले तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

*कबड्डीतले बोट.* चढाईवाल्याची चड्डी किंवा बनियन पकडताना तो जोरात सुटतो आणि बोटाची खोलातली कंडरा हाडावरून उपटली जाते. बहुधा अनामिका. बाहेर जखम नसते, म्हणून 'मुरगळलं' समजून चोळले जाते. बोट पूर्ण वाकत नसेल तर आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी.

*मधला सांधा वाकून बसणे.* मधल्या सांध्याच्या पाठीवर मार बसला की तिथली कंडरा सुटते. पहिल्या दिवशी नुसती सूज दिसते. दोन-तीन आठवड्यांत मधला सांधा वाकलेला आणि टोक उलटे वर गेलेले दिसू लागते. वेळेत मधला सांधा सरळ बांधून ठेवला तर बोट सुधारते.

*दाताची जखम.* मारामारीत मूठ समोरच्याच्या दातावर बसते. मुठीच्या टेकाडावर छोटीशी खोच दिसते आणि लाजेपायी कोणी सांगत नाही. मूठ उघडली की कंडरा मागे सरकून आतली जखम झाकते आणि तोंडातले जंतू सांध्यात अडकतात. ही जखम दवाखान्यात धुवावीच लागते.

*काटा आणि पू.* बाभळीचा काटा किंवा माशाचे हाड बोटात खोल गेले की कंडरेच्या नळीत पू होऊ शकतो. सगळे बोट सुजते, वाकलेले राहते, तळव्याच्या बाजूने दाबले की दुखते आणि सरळ करताना कळ मस्तकात जाते. या चार खुणा दिसल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

*दाबाची फवारणी.* ग्रीस गन, हायड्रॉलिक नळी किंवा रंगाच्या स्प्रेगनमधून बोटात टाचणीएवढे भोक पडते. दिसायला काहीच नाही, पण तेल किंवा रंग आत लांबवर पसरलेला असतो. ही हाताची मोठी आणीबाणी आहे. बोट वाचवायचे तर काही तासांत आतून साफ करावे लागते.

*मांजा.* नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो दरवर्षी विकला जातो. त्याचा काप सरळ आणि खोल असतो, त्यामुळे कंडरा आणि मज्जातंतू दोन्ही तपासून घ्यावेत.

अपघात झाल्यावर लगेच काय करावे?

स्वच्छ कापड दाबून हात छातीच्या वर धरावा. दहा मिनिटे मध्ये उघडून न बघता दाब ठेवला की बहुतेक रक्त थांबते. अंगठी, कडे, बांगड्या लगेच काढाव्यात, सूज आल्यावर त्या कापाव्या लागतात. बोटाला सुतळी किंवा रबर आवळून बांधू नये. हळद, चुना, कॉफीची पूड जखमेत भरू नये. तपासताना डॉक्टरांना आतले काही दिसत नाही आणि सगळे धुवून काढावे लागते. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

बोट तुटून वेगळे झाले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, पेशी गोठून मरतात. बोटात स्नायू नसल्यामुळे थंड ठेवलेले बोट हाता-पायाच्या मोठ्या तुकड्यापेक्षा जास्त वेळ टिकते. म्हणून जवळच्या गावात सोय नसली तरी मोठ्या शहरात नेण्याचा प्रयत्न सोडू नये.

शस्त्रक्रिया आणि पुढचे तीन महिने

वाकवणारी कंडरा तुटली की स्नायू तिचे टोक तळहातात, कधी मनगटापर्यंत ओढून नेतो. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात दोन्ही टोके जुळवणे सोपे जाते. तीन आठवडे उलटले की स्नायू आखडतो, रिकामी नळी मिटत जाते. मग दुसरीकडची कंडरा काढून जोडावी लागते, कधी दोन टप्प्यांत. यासाठी मनगटाजवळची एक कंडरा बरेचदा वापरतात. अंगठा आणि करंगळी टेकवून मनगट किंचित वाकवले की ती दोरीसारखी वर येते. काहींच्या हातात ती नसतेच, आणि तरी त्यांचे काही अडत नाही.

कंडरा अशा कामाला लावण्याच्या शास्त्रात भारताचे नाव आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांसाठी चालू स्नायूंच्या कंडरा वळवून जोडायला सुरुवात केली. चेचलेल्या हातांच्या हाडांसाठी बाहेरून बसवायची 'जेस' ही चौकट मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांची.

मात्र शस्त्रक्रिया म्हणजे अर्धेच काम. बोट अजिबात हलवले नाही तर कंडरा चिकटते, फार हलवले तर शिवण तुटते. म्हणून पहिल्या काही दिवसांतच पट्टीत ठेवून, फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे थोडी थोडी हालचाल सुरू करतात. पहिले तीन आठवडे सर्वांत नाजूक असतात. हलकी कामे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, ओझे आणि यंत्राचे काम बारा आठवड्यांनंतर.

कामगाराचा हिशेब

बारा आठवडे घरी बसणे रोजंदारीवाल्याला परवडत नाही, म्हणून पट्टी लवकर सुटते आणि शिवणही. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला कामावर झालेल्या इजेसाठी, अपंगत्व राहील तोवर, मजुरीच्या ९० टक्के लाभ मिळतो. त्यासाठी अपघाताची नोंद कारखान्यात त्याच दिवशी व्हायला हवी.

ईएसआय नसलेल्यांसाठी नुकसानभरपाईच्या कायदेशीर यादीत पूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, अनामिका किंवा करंगळीला ७ टक्के अशी कमाईच्या क्षमतेतली घट धरली आहे. पण बोट जागेवर आहे आणि वाकत नाही, अशा इजेला यादीत थेट आकडा नसतो. किती क्षमता गेली हे डॉक्टरांना ठरवून द्यावे लागते. म्हणून पहिल्या दिवसाच्या कागदावर "बोट वाकत नाही", "कड बधिर आहे" असे लिहून घेणे उपचारासाठी जितके गरजेचे, तितकेच भरपाईसाठीही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- टाके घालण्याआधी डॉक्टरांना विचारा: "कंडरा तपासली का? बोट टोकापर्यंत वाकतंय का?"
- हालचाल कमी किंवा कड बधिर असेल तर हातावरची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्लास्टिक सर्जन किंवा अस्थिरोगतज्ज्ञांकडे आठवड्याच्या आत जा.
- बाहेर जखम नसली तरी बोट वाकत नसेल किंवा सरळ होत नसेल तर ते मुरगळणे समजू नका आणि चोळू नका.
- पट्टी कधी काढायची, हे डॉक्टर आणि थेरपिस्ट ठरवतील.