डोक्यावरची चार बोटं जागा

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांना गंमत वाटली असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस बसक्या स्पोर्ट्‌स गाड्यांबद्दल आणि त्यांत न मावणाऱ्या उंच चालकांबद्दल काय बोलणार? पण या विषयाच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. माणसाने बनवलेल्या वस्तूला माप कोणाचं घ्यायचं? आणि ज्याला ते माप लागू पडत नाही, त्याने काय करायचं?

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. शर्यतीची गाडी बसकी का असते? दोन कारणं. गाडी जितकी उंच, तितका वाऱ्याला अडणारा भाग मोठा, आणि तितका वेग कमी. दुसरं म्हणजे वजन जमिनीच्या जवळ असलं की वळणावर गाडी कमी कलते. म्हणजे बसकेपणा ही नुसती ऐट नाही, त्यामागे भौतिकशास्त्र आहे. अडचण एवढीच की चाकं लहान करता येतात, इंजिन खाली सरकवता येतं, पण आत बसणाऱ्या माणसाचा पाठीचा कणा आखूड करता येत नाही.

आता आपण १९६० च्या दशकात जाऊ. १९६३ साली अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने इटलीची फेरारी विकत घ्यायचा प्रयत्न केला. बोलणी शेवटच्या टप्प्यावर फिसकटली. मग फोर्डने ठरवलं की फ्रान्समधल्या ल माँ इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत फेरारीला हरवायचंच. त्यासाठी जी गाडी तयार झाली तिचं नाव जीटी-४०. यातला ४० हा आकडा तिच्या उंचीचा आहे बरं का! जमिनीपासून टपापर्यंत सुमारे ४० इंच, म्हणजे १०२ सेंटिमीटर. आपल्या जेवणाच्या टेबलाहून जेमतेम वीत-सव्वा वीत उंच. त्यात हेल्मेट घातलेल्या माणसाने बसायचं आणि ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जायचं.

१९६४ आणि १९६५ या दोन्ही वर्षी फोर्डच्या पदरी अपयश आलं. १९६६ मध्ये मात्र पहिले तिन्ही क्रमांक फोर्डचे. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एक दुःखद घटना घडली. नव्या, अधिक हलक्या गाडीची चाचणी कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड इथे चालली होती. ती घेणारा केन माइल्स हा अत्यंत जाणकार चालक अपघातात गेला. अ‍ॅल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या पत्र्यांची ती गाडी वजनाला हलकी होती, पण त्या आघातात टिकली नाही. त्यानंतर तिच्यातून जी मार्क फोर ही गाडी विकसित झाली, तिच्यात पोलादी नळ्यांचा मजबूत पिंजरा बसवला गेला. त्यालाच रोल केज म्हणतात.

इथे थोडं थांबू या. पिंजरा म्हटला की नळ्या आल्या आणि नळ्या म्हटल्या की जागा गेली. डोक्यावरची जागा आधीच तुटपुंजी. तिच्यावर आता दोन हक्कदार झाले. एक चालकाचं डोकं आणि दुसरा ते डोकं वाचवणारा पिंजरा.

नेमक्या याच गाडीत डॅन गर्नी बसणार होता. उंची सुमारे सव्वासहा फूट. हेल्मेट घातल्यावर त्याचं डोकं टपाला भिडायला लागलं. चोवीस तासांच्या शर्यतीत मान तिरकी ठेवून बसायचं म्हणजे काय होईल, तुम्हीच कल्पना करा. प्रत्येक खड्ड्याला टपाचा ठोसा, आणि गाडी आदळली तर तो सगळा भार मानेच्या मणक्यांवर. अशा वेळी सोपा उपाय काय होता? दुसरा, बुटका चालक शोधणं. पण संघाने ते केलं नाही. कार्यशाळेत चालकाच्या डोक्यावरचा टपाचा भाग कापून तिथे एक फुगवटा बसवण्यात आला. आजही तो ‘गर्नी बबल’ म्हणून ओळखला जातो. इतक्या काळजीने वाऱ्यासाठी घडवलेल्या त्या टपावर एक टेंगूळ! दिसायला बेढबच. पण १९६७ च्या जूनमध्ये गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी याच गाडीने शर्यत जिंकली. त्यांनी ३८८ फेऱ्या घेतल्या, सरासरी वेग ताशी सुमारे २१८ किलोमीटर.

या कथेतल्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. पहिली, त्याच रात्री मारिओ आंद्रेत्ती हा चालक दुसऱ्या मार्क फोरमध्ये होता. त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. बरगड्यांना दुखापत झाली, पण तो वाचला. त्याचं श्रेय पिंजऱ्याला दिलं जातं. म्हणजे पिंजरा काढून टाकणं हा डोक्याच्या अडचणीवरचा उपाय नव्हताच. दुसरी गोष्ट, फॉइट उंचीने गर्नीहून कमी. त्या टेंगळाखाली बसून त्याचं काहीच बिघडलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जास्तीची जागा उशी घालून, गादी लावून भरून काढता येते. कमी पडलेली जागा आत बसून निर्माण करता येत नाही. उंचासाठी केलेली सोय बुटक्याला चालते, उलट मात्र होत नाही.

मग गाड्या बनवणारे हे आधीच का करत नाहीत? कारण त्यांच्या डोळ्यांसमोर ‘सरासरी माणूस’ असतो. ही कल्पना बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने १८३५ साली मांडली. तिला जबर धक्का बसला तो अमेरिकेच्या हवाईदलात. १९५० मध्ये तिथे चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली गेली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतल्या ४,०६३ जणांची दहा मापं तपासली. प्रत्येक मापाचा मधला ३० टक्क्यांचा पट्टा त्याने सरासरी धरला. दहाच्या दहा मापांत सरासरी निघालेले वैमानिक किती? शून्य. एकही नाही! निष्कर्ष सरळ होता. सरासरी माणसासाठी बनवलेली कॉकपिट कोणासाठीच बनवलेली नसते. पुढे मागे-पुढे, वर-खाली करता येणाऱ्या सीटकडे आणि पट्ट्यांकडे लक्ष गेलं ते या विचारातून.

प्रश्न तिथे संपला असं मात्र नाही. जस्टिन विल्सन हा इंग्लिश चालकही गर्नीएवढाच उंच. २००२ साली फॉर्म्युला वनमधल्या मिनार्डी संघाला तो बदली चालक म्हणून हवा होता. पण तो गाडीत मावलाच नाही, संधी दुसऱ्याला गेली. पुढच्या वर्षी त्याला बसता येईल अशी गाडी केल्यावर तो शर्यतीत उतरला. कौशल्य तेच, माणूस तोच. फरक फक्त काही सेंटिमीटरचा.

आता रस्त्यावर येऊ. बसक्या गाडीत उंच माणूस काय करतो? सीटची पाठ मागे पाडतो आणि पुढे घसरून बसतो. डोकं टपापासून सुटतं, त्याला वाटतं काम झालं. पण गाडी समोर आदळली की असा माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतो. पट्टा ओटीपोटाच्या हाडावरून सुटून मऊ पोटात रुततो. खांद्याचा पट्टा छातीपासून दूर राहतो. हेडरेस्ट डोक्यापासून दूर राहते, आणि मागून धडक बसली तर मानेला हिसका बसतो. एका जागी मिळवलेले चार इंच त्याने तीन जागी गमावलेले असतात. काही हौशी लोक रोजच्या गाडीतही पिंजरा बसवून घेतात. हेल्मेट नसताना डोक्याजवळ असलेली ती पोलादी नळी अपघातात डोकंच फोडू शकते, हे कोणी सांगत नाही.

योग्य मार्ग कोणता? डोकं खाली न्यायचं तर बैठक खाली न्यावी, पाठ आडवी पाडू नये. पातळ सीट, खाली बसवलेल्या पट्ट्या, कमी केलेला फोम, हे जाणकाराकडून करून घ्यावं. उघड्या टपाच्या गाडीसाठी शर्यतीच्या मैदानावर एक साधी तपासणी करतात. मागच्या रोल बारच्या माथ्यावरून पुढच्या काचेच्या चौकटीवर झाडूचा दांडा आडवा ठेवायचा. हेल्मेटसह डोकं त्या दांड्याच्या खाली राहिलं पाहिजे. गाडी उलटली तर जमीन साधारण त्याच रेषेत येते. फॉर्म्युला वनच्या नियमांत हेल्मेट त्या रेषेच्या किमान ७० मिलिमीटर खाली असण्याची अट अनेक वर्षं होती. आपल्या भाषेत चार बोटं.

आपल्याकडे जुन्या वाड्याच्या दिंडीतून वाकूनच आत जावं लागतं. तिथे ते ठीक आहे, कारण दोन पावलांनंतर माणूस ताठ होतो. गाडीत तसं नाही. तिथे तासन्‌तास वाकून बसायचं असतं आणि संकट आलं तर त्याच वाकलेल्या स्थितीत त्याला सामोरं जायचं असतं. म्हणून ज्या गाडीत सरळ बसून डोक्यावर चार बोटं उरत नाहीत, ती कितीही देखणी असो, ती आपल्यासाठी बनलेली नाही असं समजावं. टप बदलता येत असेल तर बदलावा, नाहीतर गाडी बदलावी. मान मात्र वाकवू नये.