लंडनची निळी पाटी आणि परळची खोली

लंडनला ऑनसाइट गेलेल्या मराठी माणसाचे पहिले दोन शनिवार ठरलेले असतात. टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, फोटो, झालं! तिसऱ्या शनिवारी काय करायचं हा प्रश्न पडला, तर नॉर्दर्न लाइनच्या ट्यूबने चॉक फार्म स्टेशनला उतरा. तिथून थोडं चालत गेलं की किंग हेन्रीज रोड लागतो. त्या रस्त्यावरच्या १० नंबरच्या घरावर एक गोल निळी पाटी आहे. सामाजिक न्यायासाठी झगडणारे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते, एवढाच तिचा मतितार्थ.

एक ओळ आणि दोन सालं. पण या दोन सालांमागचा हिशेब मोठा आहे.

बाबासाहेब लंडनला पहिल्यांदा आले १९१६ मध्ये, कोलंबियाचं शिक्षण आटोपून. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. विद्यापीठाने एक सवलत दिली होती, चार वर्षांच्या आत या आणि पुरं करा. म्हणजे डेडलाइन होती आणि खिसा रिकामा!

मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, काटकसर, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले ५००० रुपये उसने. एवढं जमल्यावर १९२० मध्ये स्वारी पुन्हा लंडनला. तिथे दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात आणि रात्री खोलीवर अभ्यास. जेवणाचे हाल असत, हे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. पुढे १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे चलनावर साक्ष देणारा माणूस तयार झाला तो या दिवसांत.

हे सगळं ग्रेट आहेच. पण मला राहून राहून वाटतं, की ती पाटी वाचताना अजून एक पत्ता डोळ्यासमोर हवा. परळ, बी.आय.टी. चाळ नंबर १, दुसरा मजला, खोली ५० आणि ५१.

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची घाण आणि गर्दी हटवायला १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. बी.आय.टी. म्हणजे तोच. त्याच्या चाळींत गिरण्यांमधले कामगार राहायचे. आंबेडकर कुटुंबाचा मुक्काम इथे १९१२ पासून १९३४ पर्यंत होता. लंडनच्या पाटीवर दोन सालं, आणि इथे तब्बल २२ वर्षं!

आणि ती दोन सालं इथे कशी गेली? साहेब लंडनला, लहानगा यशवंत आणि घरातली बाकीची माणसं चाळीत. मोजक्या पैशांत हा गाडा ओढत होत्या रमाबाई. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. एकटा यशवंत जगला. लंडनचा अभ्यास झाला तो उसन्या पैशांवर, आणि इकडे रमाबाईंनी मारलेल्या पोटावरही. हे कर्ज कुठल्याच पाटीवर येत नाही.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनचं ते घर तीस लाख पौंडांहून जास्त किंमत मोजून विकत घेतलं आणि स्मारक केलं. राहत्या घरांच्या वस्तीत संग्रहालय नको म्हणून तिथल्या कॅम्डन कौन्सिलने परवानगी नाकारली, चौकशी बसली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. घर राहिलं, पाटी राहिली. छान झालं. पैसे वाया गेले असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्या समाजाला गावात पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते, त्यातल्या एका विद्यार्थ्याचं नाव लंडनच्या भिंतीवर आहे, याची किंमत पौंडांत होत नाही.

फक्त एवढंच, की घर म्हणजे एका माणसाची खोली नसते. तो तिथे बसून वाचू शकावा म्हणून जे दुसरीकडे खपत असतात, तेही त्या घरातच राहत असतात.

रमाबाई २७ मे १९३५ ला गेल्या. १९४० मध्ये बाबासाहेबांचं पाकिस्तानवरचं पुस्तक आलं, तेव्हा त्यांनी ते रमूच्या स्मृतीला अर्पण केलं. तिच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल आणि हलाखीच्या दिवसांत तिने सोबत सोसलं त्याबद्दल त्यात लिहिलं. म्हणजे राहून गेलेली पाटी त्यांनी स्वतःच लावली होती.

तर लंडनला गेलात की किंग हेन्रीज रोडला जरूर जा. आणि मुंबईत असाल तर एखाद्या रविवारी परळला उतरा. त्याला व्हिसा लागत नाही.