अंगरखा, सेकंदांनी मोजलेला

भूगावला एका मित्राच्या घराखालच्या गॅरेजात मागच्या पावसाळ्यात दोन सूट शेजारीशेजारी टांगले होते. दोन्ही निळे, दोन्ही गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध. एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट. मित्राचा मामेभाऊ मिशिगनला असतो. अमेरिकेत २००६ पासून ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ नावाच्या हौशी शर्यती भरतात. पाचशे डॉलरच्या आसपासची जुनी मोटार घ्यायची, चौघापाच जणांनी आळीपाळीने तासन्‌तास पळवायची. मामेभावाच्या संघात एक जागा रिकामी झाली होती आणि मित्राने आयुष्यात पहिल्यांदा खरा रेसिंग सूट मागवला होता. दोन मागवले होते, एक परत करायचा होता.

“दिसायला तर सारखेच आहेत. काय बघून ठेवू?” त्याने विचारलं.

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. ते शोधायला मी या कापडाच्या कुळात शिरलो.

अंगरखा हा शब्द आपण लग्नाच्या अल्बमात ठेवून दिला आहे. पण त्याचं मूळ ‘अंगरक्षक’ या संस्कृत शब्दात आहे. अंग राखतो तो अंगरखा. आगीपासून अंग राखणाऱ्या वस्त्राची कल्पनाही आपल्याकडे जुनी. होळीच्या कथेच्या एका रूपात होलिकेजवळ अशी शाल असते. ती पांघरून, प्रल्हादाला मांडीवर घेऊन ती चितेवर बसते. वारा सुटतो, शाल उडते आणि प्रल्हादाच्या अंगावर पडते. आजीकडून ही गोष्ट ऐकताना मला दरवेळी एकच प्रश्न पडायचा: शाल कशाची होती?

जगातही लोक हेच विचारत होते. न जळणारं कापड सॅलॅमँडर नावाच्या, आगीत राहणाऱ्या प्राण्यापासून मिळतं अशी युरोपात समजूत होती. तेराव्या शतकात मार्को पोलोने ती खोडून काढली: हे धागे खाणीतून निघतात. ते ॲस्बेस्टॉस होतं. आगीला ते दाद देत नाही, पण त्याचे बारीक तंतू फुप्फुसात रुतून बसतात.

दुसरी वाट होती साध्या सुती कापडालाच क्षार पाजण्याची. १८२१ मध्ये फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने नाट्यगृहांतल्या पडद्यांसाठी अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांची मिश्रणं तयार केली. त्यात बुडवून वाळवलेलं कापड भडकत नसे, नुसतं काळं पडे. मोटारशर्यतीतला पहिला अग्निरोधक पोशाख याच घराण्यातला.

आधी मात्र मोटारवाल्यांना आगीची नव्हे, धुळीची भीती होती. १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईला मोटारींची शर्यत निघाली. आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींची ती पणजी म्हणता येईल. त्या काळचा मोटारीचा पोशाख म्हणजे धुळीचा लांब डगला आणि गॉगल. पुढे पन्नास वर्षांनी, फॉर्म्युला वनच्या पहिल्या दशकातही, फांगिओसारखा जगज्जेता आखूड बाह्यांच्या शर्टात बसत असे. सीटबेल्ट नसत. आग लागली तर माणूस बाहेर फेकला जावा, यातच त्याचं भलं आहे असं कित्येक चालक मानत.

अमेरिकेत चालक सुती ओव्हरऑल क्षारांच्या पाण्यात बुडवून वाळवू लागले. टाकणखार, बोरिक आम्ल. म्हणजे कॅरमच्या बोर्डावर आपण जी बोरिक पावडर भुरभुरतो, तीच. कापड ताठ व्हायचं, अंगाला खाजायचं, श्वासात भुकटी जायची. आणि क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे प्रत्येक धुण्याबरोबर संरक्षण मोरीत वाहून जायचं.

मग १९६४ चा मे महिना आला.

२४ मेला शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स या नावाजलेल्या चालकाची मोटार उलटून पेटली. ‘फायरबॉल’ हे त्याचं टोपणनाव बेसबॉलमधल्या वेगवान चेंडूवरून पडलेलं. त्याला दमा होता. क्षारांच्या वासाने धाप लागते म्हणून तो बुडवलेले कपडे घालत नसे. २ जुलैला तो गेला. त्याच्या अपघातानंतर सहाच दिवसांनी, ३० मेला, इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनल्डची पेट्रोलने भरलेली मोटार भिंतीवर आदळून पेटली. मागून येणारा एडी सॅक्स तिच्यावर धडकला. दोघेही गेले. अपघातामुळे ती शर्यत थांबवावी लागली, असं पहिल्यांदाच घडलं.

रॉबर्ट्सची गोष्ट मला सोडत नाही. त्याच्याजवळ संरक्षण होतं, पण ते घालून त्याला श्वास घेता येत नव्हता. जे कापड माणसाला दिवसभर अंगावर ठेवता येत नाही ते त्याच्या उपयोगाचं नाही, हे या कुळाने रॉबर्ट्सकडून शिकायचं होतं.

उत्तर तेव्हा ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत आकार घेत होतं. नायलॉन याच कंपनीचं. पण नायलॉन सुमारे २६० अंशांना वितळतं आणि कातडीला चिकटतं. विल्फ्रेड स्वीनी या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने त्याच वंशातला वेगळा धागा घडवला. नायलॉनच्या रेणूत कार्बनच्या लवचीक साखळ्या असतात. स्वीनीने त्या जागी बेंझिनची ताठ कडी ओवली. तोच नोमेक्स. १९६७ मध्ये तो बाजारात आला. नोमेक्स वितळत नाही. साधारण ३७० अंशांच्या पुढे तो कोळशासारखा काळा पडतो आणि तसं होताना फुगतो, जाड होतो. पोळीचा पापुद्रा तव्यावर सुटतो ना, तसा थर सुटतो आणि आत हवा अडकते. आगीला आता ती हवा ओलांडून यायचं असतं. शिवाय हवेत प्राणवायू २१ टक्के असतो आणि नोमेक्सला जळत राहायला सुमारे २८ टक्के लागतो. ज्वाला दूर झाली की तो आपोआप विझतो. हा गुण धाग्याच्या हाडामांसात आहे, वरून पाजलेला नाही. धुण्याने जात नाही.

याची मर्यादाही त्याच वर्षी दिसली. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या कुपीत, शुद्ध प्राणवायूत, आग लागून तीन अंतराळवीर गेले. त्यांच्या पोशाखाचा बाहेरचा थर नोमेक्सचा होता. २८ टक्क्यांचं गणित शंभर टक्क्यांपुढे टिकत नाही.

अंतराळातून हे कापड शर्यतीत आणलं बिल सिम्प्सनने. तो ड्रॅग शर्यतीतला पोरगा, म्हणजे सरळ पट्टीवर काही सेकंदांत संपणाऱ्या शर्यतीतला. भूगावहून दीडेक तासावर कोरीगडाच्या पायथ्याशी ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’च्या ड्रॅग शर्यती झाल्या, त्याच जातीच्या. अठराव्या वर्षी गाडी थांबली नाही आणि सिम्प्सनचे दोन्ही हात मोडले. त्यातून त्याने गाडी थांबवणारं पॅराशूट बनवायला घेतलं. नंतर चंद्रावर जाऊन चालणाऱ्या पीट कॉनरॅड या अंतराळवीराशी त्याची ओळख झाली, कॉनरॅडने त्याला नोमेक्स दाखवलं, आणि १९६७ च्या इंडियानापोलिसला ३३ पैकी ३० चालकांच्या अंगावर सिम्प्सनचे नोमेक्स सूट होते. आपल्या मालावर विश्वास बसावा म्हणून तो स्वतः सूट घालून पेटवून घेत असे. १९७४ ला तो त्याच शर्यतीत चालक म्हणून उतरलाही.

पण चालकाला कापड मिळालं म्हणजे काम झालं नव्हतं. २९ जुलै १९७३ ला झांडफोर्टला रॉजर विल्यमसनची मोटार उलटून पेटली. डेव्हिड पर्ली हा दुसरा चालक आपली गाडी सोडून धावला आणि एकट्याने ती सुलटी करू पाहत राहिला. आसपासच्या मार्शलांकडे आगीत शिरण्यासारखे कपडेच नव्हते. विल्यमसन तिथेच गेला. हौशी शर्यतीत सूट निवडणाऱ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण लांब पल्ल्याच्या शर्यतीत पेट्रोल पुन्हापुन्हा भरावं लागतं आणि ते भरणारा संघातलाच कोणी असतो. कॅन धरणाऱ्यालाही सूट लागतो. पाच जणांत तीन सूट घेऊन ‘अदलाबदल करू’ म्हणणारे संघ असतात. माझ्या मते त्यांनी त्या वर्षी शर्यत करू नये.

भूगावच्या मुळशी तालुक्यात बसून आगीबद्दल लिहिताना ७ जून २०२१ टाळता येत नाही. उरवड्याच्या एका रासायनिक कारखान्यात त्या दिवशी १७ कामगार गेले, बहुतेक बायका. नोमेक्स आणि त्याच्या भावकीतली कापडं आज तेलशुद्धीकरणात आणि अग्निशमन दलात सर्रास वापरली जातात. पगारासाठी आगीजवळ उभ्या राहणाऱ्याचा या कापडावरचा हक्क हौसेसाठी मोटारीत बसणाऱ्याच्या आधी येतो, असं मला मनापासून वाटतं.

आता गॅरेजात परत.

सुटाची कुंडली लेबलावर असते. मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, एफआयएचं मानक आज ८८५६-२०१८ आहे. त्याचं लेबल मानेमागे कॉलरवर असतं. त्याच्या चाचणीत कापडाच्या एका बाजूला ज्वाला लावतात आणि दुसऱ्या बाजूचं तापमान २४ अंशांनी वाढायला किती वेळ लागतो ते मोजतात. आधीच्या मानकात ११ सेकंद पुरत, आता १२ लागतात. अमेरिकेतली एसएफआय संस्था ३.२ए या मानकाखाली आकडे देते. ठरावीक तीव्रतेच्या ज्वाळेत कातडीला दुसऱ्या श्रेणीचा चटका बसेपर्यंतचा वेळ: /१ ला ३ सेकंद, /३ ला ७, /५ ला १०, /१० ला १९, /१५ ला ३०, /२० ला ४०. आपल्या दोन सुटांपैकी स्वस्त होता तो /१, एकाच थराचा. महाग होता तो /५, तीन थरांचा. तिप्पट किमतीत तीनऐवजी दहा सेकंद.

कोपऱ्यात खिळ्याला मित्राचा जुना सूट लटकत होता, कार्टिंगचा. मी तो उलटा करून दाखवला. कार्टिंगच्या पोशाखाची चाचणी घसटण्याची असते, आगीची नाही. त्यात बहुतेकदा नायलॉन असतं. कार्टिंगमधून मोटारीकडे येणारी आपली मुलं तोच सूट घालून बसतात, तो दिसायला अगदी खऱ्यासारखा असतो म्हणून. तो खिळ्यालाच राहू द्यावा.

मित्राने जाड सूट अंगावर चढवला आणि आरशापुढे पोट आत घेतलं. “ढगळ वाटतोय.” ढगळच हवा. थर आणि थरांमधली हवा हेच खरं चिलखत आहे. अंगाला चिकटला तर हवा गेली. मी त्याला स्टुलावर बसवून हात स्टिअरिंगवर धरल्यासारखे पुढे करायला लावले. उभ्याने सुबक बसणारा सूट बसल्यावर मनगटावरून आणि घोट्यावरून वर सरकतो, आणि नेमकी तिथेच कातडी उघडी पडते. आतून घालायचा तोही नोमेक्सचा बनियन, पायजमा आणि मोजे. घाम शोषणारा पॉलिएस्टरचा जिमचा टीशर्ट नको, तो वितळतो. घामाने चिंब झाले की आतले कपडे बदलायचे, कारण आगीत त्या पाण्याची वाफ होते आणि वाफही पोळते.

क्लबचा बिल्ला त्याला पौडच्या शिंप्याकडून लावून घ्यायचा होता. शिंपी चांगला होता, पण त्याच्याकडचा दोरा पॉलिएस्टरचा, आणि तो तिन्ही थरांतून टाके घालणार होता. प्रत्येक टाका म्हणजे थर दाबून हवा काढणारी एक टाचणी. बिल्ला फक्त वरच्या थराला आणि अग्निरोधक दोऱ्यानेच शिवायचा. धुताना ब्लीच नको, कपडे मऊ करणारं द्रावण तर नकोच. त्याचा जळाऊ लेप कापडावर राहतो. आणि मुळशीच्या पावसात वाळायला चार दिवस लागले तरी शेगडीजवळ टांगायचा नाही.

२९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत रोमां ग्रोजाँची मोटार लोखंडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली आणि पेटली. तो २८ सेकंद ज्वाळांत होता आणि स्वतः चढून बाहेर आला. भाजले ते मुख्यतः हात. त्याच्या सुटावर पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यातला ‘चढून’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. कापडाने वेळ धरून ठेवली, बाहेर आला तो माणूस.

हे मित्राला सांगितलं तेव्हा त्याने दोन्ही सुटांकडे पाहणं सोडलं आणि गॅरेजातल्या जुन्या मोटारीकडे पाहिलं. तिच्यात रेसिंग सीट होती, पाच टोकांचा पट्टा होता, खिडकीला जाळी होती. त्याने /५ चा सूट, हातमोजे आणि हेल्मेट घातलं, आत बसला, पट्टे आवळले. मी फोनवर स्टॉपवॉच लावलं आणि ओरडलो, “आग!”

जाळीची कडी हातमोज्यात सापडली नाही. पट्ट्याचं एक टोक खांद्याच्या पट्टीत अडकलं. तो पाय ओढत बाहेर पडला तेव्हा १९ सेकंद झाले होते.

दोघेही काही वेळ बोललो नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग त्याने जाळीच्या कडीला जाड लाल फीत बांधली, बोटांना डोळ्यांशिवाय सापडावी म्हणून, आणि पुन्हा आत बसला. १५. सीट एक खाच मागे घेतली. १३. हेल्मेट छताला आपटलं, १४. अंधार पडेपर्यंत आम्ही तेच करत होतो. शेवटी एकदा ९ आले.

/१ चा सूट त्याने घडी करून खोक्यात भरला आणि खोक्यावर परतीचा पत्ता चिकटवला. मग पुन्हा हेल्मेट उचललं. “आता डोळे मिटून,” म्हणाला. “धुरात काय दिसणार?”