मराठीतून बायबल वाचताना



नाताळ जवळ आला की मालवणातल्या ख्रिस्ती घरांपुढे चांदणीचे कंदील लागतात. मग वर्गातले एखादे पोर विचारते, “गुरुजी, येशूचा धर्म सांगतो काय?” उत्तर द्यायचे तर गुरुजींनी आधी वाचायला हवे. पण ‘खयचा पुस्तक आधी वाचूचा?’ इंग्रजी ग्रंथ पुष्कळ आहेत. तरी आपल्या भाषेतही या विषयाची चारशे वर्षांची शिदोरी आहे, बरे का!

आरंभ मूळ ग्रंथापासून करावा. बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे, पुस्तकांचा संग्रह. त्यातले मार्ककृत शुभवर्तमान प्रथम वाचावे. येशूची ही चरित्रकथा अवघ्या सोळा अध्यायांची आहे.

मग ‘क्रिस्तपुराण’ घ्यावे. मालवणच्या दक्षिणेला, गोव्याच्या सासष्टीत, रायतूर येथे ते 1616 साली छापले गेले. कर्ते फादर स्टीफन्स हे 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज पाद्री. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, त्यांना ऐकायला काहीतरी हवे होते. म्हणून स्टीफन्सनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. स्वर्गाला ते ‘वैकुंठ’ म्हणतात! गोव्यात देवनागरी खिळे नसल्याने हे मराठी पुराण रोमन लिपीत छापले गेले. पुण्याहून 1956 साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले.

पण गुरुजींनी याची दुसरी बाजूही सांगावी. त्याच सासष्टीत 1567 च्या सुमारास शेकडो देवळे पाडली गेली होती. पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या राजवटीच्या आश्रयाने हे पुराण छापले गेले, तिलाच पुढे इथली भाषा नकोशी झाली. ओव्यांची गोडी खरी आणि तो जुलूमही खरा. एकासाठी दुसरे झाकू नये.

तिसरे पुस्तक पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचे. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि खेड्यातल्या बाईला समजावे म्हणून त्यांनी बायबल साध्या मराठीत उतरवले. ज्या शब्दांना आधीच दुसऱ्या दर्शनांचे अर्थ चिकटले होते, ते त्यांनी टाळले. केडगावच्या मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच खिळे जुळवले. रमाबाई 1922 साली वारल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.

चौथे ‘ख्रिस्तायन’. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी 1861 साली जन्मलेले रेव्हरंड टिळक यांनी ते आरंभले, आणि त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी तडीस नेले.

ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. देव, पाप, कृपा, तारण यांसाठी प्रत्येकाने कोणता शब्द निवडला, तो वहीत उतरवावा. स्टीफन्सनी ओळखीचा शब्द जवळ केला, रमाबाईंनी त्याच ओळखीचे भय धरले. असे का, हा प्रश्न मुलांपुढे ठेवा. धर्मविचाराचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. आणि त्यासाठी कोणाला आपला धर्म सोडावा लागत नाही, की दुसऱ्याच्या धर्माला हसावे लागत नाही.