कॉलेजप्रवेशाची प्रतीक्षा : डहाणू रोडच्या फलाटावरून

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नामावळी छापली जाते. नाव, गाव, परीक्षा आणि गुण असे तिचे चार रकाने असतात. निकाल लागल्यापासून कॉलेजात नाव दाखल होईपर्यंत जे दिवस जातात, त्यांच्यासाठी मात्र त्या नामावळीत रकाना नाही. वास्तविक कित्येक मुलामुलींचे पुढील आयुष्य गुणांपेक्षा त्या दिवसांतच ठरून गेलेले आहे. हाती आलेली जागा घ्यावी की अधिक चांगल्या जागेसाठी थांबावे, हा प्रश्न घराघरांत पडतो; आणि थांबण्याची ऐपत सर्वांची सारखी कधीच नव्हती. डहाणू-तलासरीच्या टापूत ही प्रतीक्षा कसकशी बदलत गेली, ते येथे थोडक्यात मांडावे असे आम्ही योजिले आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. तीस १३२ उमेदवार बसले व त्यांपैकी अवघे २२ उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या पिढीतले. त्या काळी आपल्या किनाऱ्यावरून मुंबईस जावयाचे तर गलबताने किंवा बैलगाडीच्या वाटेने. बी. बी. सी. आय. रेल्वे ग्रँट रोडपर्यंत येऊन पोहोचली ती १८६४ च्या अखेरीस. मॅट्रिक हीच विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा असल्याने ती ओलांडणाऱ्यास कॉलेजात जागा मिळेल की नाही, ही चिंता सहसा नसे. चिंता असे ती फीची, आणि मुंबईत पाठ टेकावयास जागा कोणाकडे मिळेल याची. म्हणजे जागा कॉलेजात होती, डोक्यावर छप्पर नव्हते!

ही अडचण सबंध महाराष्ट्राचीच होती. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींसाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली, ती याच अनुभवातून. मुंबईतील ज्ञातिसंस्थांची विद्यार्थिगृहे, शिष्यवृत्तीचे फंड आणि ‘अमुक मुलगा आपल्यापैकी आहे, त्याची सोय पाहावी’ अशा मजकुराच्या चिठ्ठ्या यांचे मूळही तेथेच शोधावे लागते. आज ज्ञातिसंस्था म्हटले की वधूवर मेळावा व सहल एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. पण या संस्थांची पहिली मोठी कामगिरी परगावच्या मुलास मुंबईत टिकवून धरण्याची होती, असे आमचे मत आहे.

आपल्या भागापुरते पाहिले तर खरा पालट १९२० साली झाला. त्या वर्षी गोखले एज्युकेशन सोसायटीने बोर्डीस हायस्कूल सुरू केले. पुढे सुनाबाई पेस्तनजी हकीमजी यांच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी यांच्यासारखी माणसे त्या शाळेस लाभली, आणि मॅट्रिकपर्यंतची वाट किनारा न सोडता चालता येऊ लागली. मात्र मॅट्रिकच्या पुढे पुन्हा मुंबईच. पश्चिम रेल्वेची वीजगाडी १९२८ साली बोरिवलीपर्यंत आणि १९३६ साली विरारपर्यंत आली आणि तेथेच थबकली. डहाणू रोड तर चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. रोज जाऊन येऊन कॉलेज करणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. दिवसा नोकरी करून शिकू पाहणाऱ्यांस १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढलेल्या सिद्धार्थ कॉलेजाच्या सकाळच्या वर्गांचा मोठाच आधार झाला. पण त्यालाही मुंबईत मुक्काम हवाच.

१९४९ साली मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. परीक्षा आली. तिचे निकाल वर्तमानपत्रांतून छापले जात. त्यांत नावे नसत, नुसते क्रमांक. ‘नंबर पेपरात आला’ हा वाक्प्रचार त्या काळचा. मुंबईचे अंक गाडीने येत, त्यामुळे निकालाच्या दिवशी स्टेशनवरच लोक जमत, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. एक अंक दहा जण धरीत आणि बारीक टाइपात छापलेल्या आकड्यांवरून बोट फिरे. आकडा सापडला की पेढे. न सापडला तर तो दुसऱ्या स्तंभात असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून शोध. गुण किती पडले हे मात्र शाळेत गुणपत्रिका येईपर्यंत कळत नसे.

तेथून पुढे आजच्या वाचकांस नवल वाटेल असा प्रकार सुरू होई. एलफिन्स्टन, विल्सन, झेवियर, रुईया, रुपारेल अशा प्रत्येक कॉलेजाचा अर्ज निराळा आणि तो मिळण्याची खिडकीही निराळी. यादी त्या त्या कॉलेजाच्या फलकावर लागे. मुंबईकराच्या मुलास फलक पाहावयास ट्रामचे भाडे पुरे. डहाणूच्या मुलास आख्खा दिवस व गाडीभाडे घालवावे लागे. म्हणून एखादा आतेभाऊ वा मामा फलक पाहण्याच्या कामी नेमलेला असे. तो कार्ड टाकी. ते कार्ड पोहोचेतो फी भरण्याची मुदत संपत येई. अशा वेळी शहाणे बाप काय करीत? जेथे पहिल्यांदा नाव लागले तेथेच सहामाहीची फी भरून मोकळे होत. एकदा भरलेली फी दुसरीकडे जाण्यासाठी सोडून देणे, ही वाडीवर किंवा होडीवर पोट असलेल्या घरास परवडणारी गोष्ट नव्हती. इंटर सायन्सनंतर ग्रँट मेडिकल अथवा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजाची आशा असलेल्यांची परीक्षा याहून कठीण. कारण तेथे यादी उशिरा लागे, आणि तोवर बी. एस्सी.ची जागा हातची सोडावी की धरून ठेवावी, हे ठरवावे लागे.

यात कागदपत्रांची भर पडली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांस फीमाफीची ई. बी. सी. सवलत मिळू लागली. या सवलतीने खेड्यापाड्यांतील मुलांची एक पिढीच्या पिढी कॉलेजात नेली, हे निर्विवाद आहे. पण तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागे, आणि दाखल्यासाठी तलाठी व मामलेदार कचेरी. पुढे जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर आणि २००० सालच्या कायद्यानंतर जातवैधता असे कागद वाढत गेले. यादी लागली आणि दाखला हाती नाही, ही कहाणी आपल्या ज्ञातीत अनेक घरांत ऐकावयास मिळेल.

मार्च १९७५ मध्ये जुन्या अकरावीची अखेरची आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा एकदमच झाली. दोन वर्षांची मुले एका उन्हाळ्यात शाळांबाहेर पडली. तेव्हापासून अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय आले आणि प्रवेशाची चिंता सोळाव्या वर्षावर येऊन ठेपली. तथापि त्याचा एक लाभ झाला. जागोजागच्या हायस्कुलांस कनिष्ठ महाविद्यालये जोडली गेली आणि निदान पहिली दोन वर्षे मूल घरी राहून शिकू लागले. मुलींच्या बाबतीत तर हा फरक फार मोठा म्हटला पाहिजे. ‘जवळ मिळाले तर शिकेल’ हे वाक्य मुलांच्या बाबतीत कोणी फारसे उच्चारीत नसे. मुलींच्या बाबतीत तेच अखेरचे असे. बोर्डी, पालघर आणि तलासरी येथे महाविद्यालये निघाली, त्यांचे मोल या एका वाक्यावरून करावे.

तलासरीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आपण सव्वाशे किलोमीटरांची तक्रार करीत होतो, त्याच काळात आपल्या शेजारचे वारली बांधव वेठबिगारीतून सुटण्यासाठी झगडत होते. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालील त्यांचा लढा १९४५ चा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले तेही त्याच वर्षी; पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेले. स्वतः अनुताईंनी मॅट्रिक केले ते रात्रशाळेतून, आणि बी. ए. झाल्या त्या वयाची पन्नाशी उलटल्यावर. आज तलासरीच्या महाविद्यालयास गोदावरी परुळेकरांचेच नाव आहे. प्रतीक्षेचे मोजमाप करताना आपल्याहून लांब रांगेत कोण उभे होते, हेही ध्यानी असावे.

आता अलीकडचे. मुंबई विभागात अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन झाले. ज्ञातीतील जी कुटुंबे वसई, बोरिवली, दादरकडे स्थायिक झाली त्यांनी तो अनुभव आपल्याआधी घेतला. फलक गेला, रांग गेली. पण थांबणे गेले नाही. २०२० साली पहिली यादी लागल्यावर ९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणास स्थगिती दिली आणि सगळी प्रक्रिया नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत अडून राहिली. पुढच्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही. अकरावीसाठी योजिलेली सामाईक परीक्षा उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी रद्द केली.

२०२५ साली हीच पद्धत साऱ्या राज्यास लागू झाली आणि डहाणू-तलासरीची कनिष्ठ महाविद्यालयेही तीत आली. त्या वर्षी दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. संकेतस्थळ सुरुवातीसच बंद पडले, तारखा पुढे गेल्या आणि पहिली यादी २८ जून रोजी निघाली. म्हणजे दीड महिना! पहिल्या फेरीत सुमारे ६ लाख ३२ हजार विद्यार्थ्यांस जागा मिळाली व त्यांपैकी साडेचार लाखांहून अधिकांस पहिल्या पसंतीचेच महाविद्यालय मिळाले. अर्जात जास्तीत जास्त दहा पसंती देता येतात. पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले की ते घेणे बंधनकारक. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून नाव वगळले जाते. दुसऱ्या वा त्याखालील पसंतीचे मिळाले तर मात्र थांबता येते. हा नियम ज्यांना ठाऊक होता त्यांनी पहिली पसंती विचारपूर्वक भरली. ज्यांना नव्हता त्यांनी शेजाऱ्याचे पाहून नामांकित कॉलेजाचे नाव वर लिहिले आणि ते मिळाल्यावर, तेथे राहावयाचे कोठे, हा १८६४ चाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

परदेशी असलेल्या ज्ञातिबांधवांच्या मुलांस हे अपरिचित नाही. अमेरिकेत काही कॉलेजे नोव्हेंबरात अर्ज घेतात आणि डिसेंबरात उत्तर देतात. निवड झाल्यास तेथेच येईन, असे विद्यार्थ्याने आधी लिहून द्यावयाचे. निरनिराळ्या कॉलेजांची मदत ताडून पाहण्याची ज्यांना गरज नाही अशा सधन घरांसच ही पद्धत मानवते, असा तिच्यावर आक्षेप आहे. प्रिन्स्टनने २००६ साली ती बंद करण्याचे जाहीर केले आणि २०११ साली बंधन नसलेल्या रूपात लवकरचा प्रवेश पुन्हा सुरू केला. बाराशे रुपयांच्या आतले उत्पन्न आणि फलक पाहणारा मामा यांची आठवण आम्हांस येथे झाल्याशिवाय राहत नाही.

१६ एप्रिल २०१३ पासून लोकलगाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. त्यामुळे पालघर, वसई, विरारची महाविद्यालये रोजच्या येण्याजाण्याच्या टप्प्यात आली आणि अनेक मुलींच्या पसंतीची यादी चार ओळींनी लांबली. मात्र गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर बसावे लागते. दहा पसंती भरताना गाडीचे वेळापत्रक शेजारी ठेवण्याची रीत आता कित्येक घरांत पडली आहे, ती योग्यच होय.

ज्या कुटुंबांच्या पेट्यांत जुनी प्रवेशपत्रे, फीच्या पावत्या, फलक पाहून टाकलेली कार्डे किंवा विद्यार्थिगृहाच्या चिठ्ठ्या असतील, त्यांनी त्या पुढील अंकासाठी पाहावयास द्याव्यात. मूळ कागद जसेच्या तसे परत केले जातील.